बेळगावात बाहेर जेवताना या चुका टाळा

गोव्याला निघालेले पाहुणे चोर्ला घाटाकडे वळण्याआधी दुपारी एकला फोन करतात, "अरे, बेळगावात चांगलं कुठं मिळतं ते सांग पटकन." मी ठिकाण सांगतो. दोन तासांनी परत फोन येतो, "काही खास नव्हतं रे." काय मागवलंत असं विचारलं की कळतं, मटण खानावळीत बसून पनीर मागवलं होतं, नाहीतर उडुपी हॉटेलात ऐन जेवणाच्या वेळी डोशासाठी अडून बसले होते. गेली वीस वर्षं मी टिळकवाडीत राहतोय आणि हेच ऐकतोय. जेवण वाईट नसतं, मागवणं चुकलेलं असतं. म्हणून हे एकदा सविस्तर लिहितोय.

मेनू कार्ड वाचून मागवणे

सगळ्यात मोठी चूक हीच. कार्ड बारा पानांचं असतं आणि भटारखान्यात शेगड्या चार. आलेल्या माणसाला नाही म्हणायला नको म्हणून मालकानं पंजाबी, चायनीज, तंदूर सगळं छापून घेतलेलं असतं. पण तिथं रोज सकाळपासून मन लावून शिजतात ते दोन-तीनच पदार्थ. खानावळीत मटणाचा रस्सा, सुकं आणि भाकरी. उडुपीत सकाळी इडली-वडा-डोसा, दुपारी ताट. ज्या पदार्थाचा खप जास्त तो ताजा, आणि महिन्यातून चारदा मागितला जाणारा पदार्थ फ्रिजमधून बाहेर येतो. यात फसवणूक नाही, धंद्याचं साधं गणित आहे. ते गिऱ्हाइकानं ओळखायला हवं.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. पुण्याहून मेव्हणा सहकुटुंब आला होता, सगळे मिळून नऊ जण. रविवार होता. बाजारातल्या एका जुन्या मटण खानावळीत त्यांना उतरवलं आणि मी गाडी लावायला गेलो. खडे बाजारच्या बाजूला रविवारी गाडी लावायची म्हणजे वीस मिनिटं जातात. परत येईपर्यंत ऑर्डर गेली होती: पनीर टिक्का, व्हेज मंचुरियन, दोन बटर चिकन, बटर नान आणि मेव्हण्यापुरतं एक मटण ताट. वाढणाऱ्या मामांनी त्याला सांगून पाहिलं होतं, "साहेब, मटण ताटच घ्या की, आत्ताच उतरलंय. ह्ये पण येतंय, खरं येळ लागतंय बघा." आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'. मेव्हण्यानं "वेळ आहे आमच्याकडे" म्हणून विषय संपवला होता.

पंचावन्न मिनिटं लागली. शेजारच्या टेबलावर दोन पंगती जेवून उठल्या. मुलं रडायला लागली. बटर चिकन आलं ते नुसतं टोमॅटोचं गोडसर पाणी. पनीरला आंबूस वास येत होता. सासूबाई भात-ताक खाऊन उठल्या. मटण ताट सगळ्यात शेवटी आलं, तोवर पातेल्याचा तळ लागला होता. गाडीत बसताना मेव्हणा म्हणाला, "बेळगावच्या जेवणाचं उगाच कौतुक करतात." मला ते फार लागलं. पहाटेपासून मसाला भाजून ज्यांनी रस्सा केला होता, त्यांच्या हातचं या लोकांनी खाल्लंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना हट्टानं त्याच ठिकाणी नेलं, साडेबाराला. कार्ड उघडू दिलं नाही. सात मटण ताटं, दोन अंडाकरी ताटं. दहा मिनिटांत सगळं समोर. मेव्हण्यानं तीनदा रस्सा मागून घेतला.

माझी सवय सांगतो. आत गेलो की लगेच बसत नाही. तीन टेबलांवर काय आहे ते बघतो. तिन्हीकडे एकच ताट असेल तर तेच घेतो. मग वाढणाऱ्याला विचारतो, "मामा, आत्ता काय उतरलंय?" तो कन्नड बोलणारा असेल तर "बिसी एनैती?" म्हणजे गरम काय आहे. एवढ्या दोन शब्दांनी माणूस खुलतो आणि खरं सांगतो. फोनवर तारे मोजून हॉटेल निवडणाऱ्यांना माझा विरोध आहे. ते तारे पार्किंगला असतात, एसीला असतात, रश्श्याला नसतात. एका संध्याकाळी यादीतली सहा ठिकाणं उरकणारी तरुण मुलंही बघतो. दोन घास खाऊन फोटो काढून उठतात. त्यांना कुठल्याच ठिकाणची चव कळलेली नसते.

भाकऱ्या एकदम मागवणे आणि कडक भाकरीला शिळी म्हणणे

भाकरीच्या खानावळीत शिरल्या शिरल्या "चार भाकरी आण" म्हणणारा माणूस दिसला की मला राहवत नाही. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. तव्यावरून उतरलेली भाकरी पाच मिनिटं मऊ राहते, मग वातड होते. आत बसलेली बाई एकामागून एक थापत असते, ती गरम खाता यावी म्हणूनच. एक खायची, अर्धी राहिली की दुसरी मागायची. थांबावं लागलं तर थांबायचं, तोवर एण्णेगाई म्हणजे भरली वांगी आहे, शेंगदाण्याची चटणी आहे, कच्चा कांदा आहे. घाई असेल तर त्या दिवशी इडली खावी.

दुसरं म्हणजे, आपल्याकडे भाकरी दोन प्रकारची मिळते. एक बिसी रोट्टी, म्हणजे गरम मऊ भाकरी. दुसरी कडक रोट्टी, पापडासारखी पातळ थापून, भाजून, वाळवलेली. ती आठवडेच्या आठवडे टिकते, प्रवासाला बांधून देतात, लग्नाकार्याला चळतीच्या चळती लावून ठेवतात.

दोन वर्षांपूर्वी एका लिंगायत खानावळीत माझ्या शेजारच्या टेबलावर तिशीतला एक मुलगा बसला होता. कडक भाकरी पुढ्यात आल्यावर त्यानं ती ताटावर आपटून आवाज काढून दाखवला आणि ओरडला, "ही कालची आहे! आम्ही पैसे देतो ना?" वाढणाऱ्या अक्कांना मराठी पूर्ण येत नव्हतं. त्यांनी ताट उचललं आणि आत गेल्या. चेहरा पडला होता त्यांचा. मी उठून त्याच्या टेबलावर जाऊन बसलो आणि समजावून सांगितलं. एक भाकरी मागवली, तुकडे केले, डाळीत बुडवून जरा मुरू दिले, वर दही आणि कारळ्याची चटणी घातली. त्यानं खाल्लं, मग आत जाऊन अक्कांना "सॉरी" म्हणून आला. त्याचा स्वभाव वाईट नव्हता. पण आधी विचारायला काय हरकत होती?

रंग बघून तिखट ठरवणे

लालभडक रस्सा बघून लोक घाबरतात आणि फिकट दिसणारं काहीतरी बेधडक ओढतात. रंग ब्याडगी मिरचीचा असतो. हावेरी जिल्ह्यातली ही सुरकुतलेली मिरची रंगाला गडद आणि तिखटाला सौम्य. झणका असतो तो आपल्या हुक्केरी तालुक्यातल्या संकेश्वरच्या मिरचीला, नाहीतर हिरव्या मिरचीच्या ठेच्याला. सावजी खानावळीत मात्र रंगही असतो आणि जाळही असतो. तिथं पहिल्यांदा जाणाऱ्यानं आधी नुसता वाटीभर रस्सा मागून बघावा.

तोंड भाजलं की पाणी पिऊ नका. मिरचीतला जाळ पाण्यात विरघळत नाही, तोंडभर पसरतो. दही खा, ताक प्या. कन्नडमध्ये दही म्हणजे मोसरु, ताक म्हणजे मज्जिगे. आणि खारा म्हणजे खारट नव्हे, तिखट. "खारा बेडा" म्हणजे तिखट नको. या एका शब्दावरून झालेले घोळ मी किती तरी पाहिलेत.

शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं: आपल्या भागात शेंगदाणा वर दिसला नाही तरी वाटणात असतो. एण्णेगाईत असतो, कोशिंबिरीत असतो, पुष्कळ ठिकाणी आमटीतही असतो. "वरून घालू नका" म्हणून भागत नाही. आत काय वाटलंय ते विचारा, आणि उत्तर नीट मिळालं नाही तर दही-भात खाऊन उठा.

उडुपीत वेळ न बघता जाणे

सकाळी सात ते साडेदहा हा नाश्त्याचा खरा वेळ. साडेबारा ते तीन बहुतेक ठिकाणी ताटं चालतात आणि डोशाचा तवा बंद असतो. चारला तवा परत तापतो. दीडला जाऊन "मसाला डोसा का नाही?" म्हणून मालकाशी वाद घालणारे लोक मी पाहिलेत. तवा थंड असताना दोन डोशांसाठी तो पेटवला तर पहिले डोसे चिकटतात, हे घरी डोसे करणाऱ्या कुणालाही माहीत असतं.

प्लेट मिल्स आणि फुल मिल्स यातला फरक आधी विचारा. प्लेटमध्ये भात-पोळी ठरलेली, फुलमध्ये परत वाढतात. दोघांत एक फुल घेऊन वाटून खाणं बरं दिसत नाही आणि बहुतेक ठिकाणी चालतही नाही. कॉफी मात्र बिनदिक्कत 'बाय टू' मागा. एक कॉफी दोन कपांत देणं ही इथली रीतच आहे, त्यात कंजूषपणा कुणी बघत नाही.

इडली उलटी करून बघायची मला सवय आहे. खाली कापडाची वीण उमटलेली दिसली की बरं वाटतं. २०२५ च्या फेब्रुवारीत कर्नाटक सरकारनं इडली वाफवताना प्लास्टिकचा कागद वापरायला मनाई केली, कारण तपासणीत बऱ्याच हॉटेलांत तो सापडला होता.

लाल गोबी

संध्याकाळी कॉलेज रोडच्या बाजूला गोबी मंचुरियनच्या गाड्यांभोवती मुलांची गर्दी असते. मार्च २०२४ मध्ये कर्नाटकात गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला बंदी आली. राज्यातल्या १७१ नमुन्यांपैकी १०७ मध्ये असुरक्षित रंग सापडले होते. जूनमध्ये कबाबांसाठीही हाच नियम आला. तरीही बोटं लाल करणारी गोबी अधूनमधून दिसतेच. "रंग घालू नका" म्हणून उपयोग नसतो, तो पिठात आधीच कालवलेला असतो. तपकिरी दिसणारी गोबी जिथं मिळते तिथंच मी मुलांना नेतो. वाटेत दुसरी गाडी दिसली आणि मुलांनी हट्ट केला तरी थांबत नाही.

बिल न वाचणे

राहायची सोय नसलेल्या साध्या रेस्टॉरंटात जेवणावर ५ टक्के जीएसटी असतो, एसी असो की नसो. पुष्कळ छोटी हॉटेलं कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या कर योजनेत असतात, त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. मागे एका ठिकाणी मला ५ टक्के लावलेलं बिल आलं, पण त्यावर जीएसटी नंबर नव्हता. शांतपणे विचारलं. गल्ल्यावरच्या माणसानं काही न बोलता रक्कम कमी केली. माझ्या आधी किती जणांनी ते भरलं असेल याचं वाईट वाटलं. सर्व्हिस चार्जही सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला तसं स्पष्ट केलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते कायम ठेवलं. वाद वाढला तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. पण आवाज चढवायची वेळ सहसा येत नाही.

आणखी काही, थोडक्यात

मटण रविवारी आणि बुधवारी खावं, आणि दोनच्या आत.

पाटीवर 'सस्याहारी' असेल तर ते शाकाहारी हॉटेल. पाटी कन्नडमध्ये असते, बाहेर उभ्या कुणालाही विचारा, सांगतात.

गर्दीत समोरच्या खुर्चीवर अनोळखी माणूस येऊन बसला तर तोंड वाकडं करू नका. बायका-मुलांसोबत असाल तर 'फॅमिली रूम आहे का' हे आत शिरतानाच विचारा.

रस्सा परत मिळतो, मटण नाही. पहिल्या रश्श्यातच सगळे तुकडे संपवू नका.

टोकनवाल्या ठिकाणी टेबलावर बसून वाट बघू नका, आधी गल्ल्यावर पैसे भरून टोकन घ्या.

वाढणाऱ्याला 'ए' म्हणून हाक मारू नका. वयानं मोठा असेल तर मामा, कन्नड असेल तर अण्णा, बाई असतील तर अक्का.

कुंदा हॉटेलच्या ताटात शोधू नका. तो मिठाईच्या दुकानातून घ्या, त्याच दिवशी केलेला आहे ना ते विचारा, आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका. खव्याचा पदार्थ आहे, पुण्यापर्यंत आंबतो.

डिसेंबरात इथल्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं. ते पंधरा दिवस शहरातली चांगली हॉटेलं भरलेली असतात. तेव्हा येणार असाल तर साडेबाराला पोचा. उशीर होणार असेल तर तसं आधी कळवा, आमच्याकडेच भाकऱ्या थापू.