क्यूबसॅट आखताय? आधी विजेचा हिशेब मांडा
1यू क्यूबसॅटच्या (10 सेंमी बाजूच्या घनाकार छोट्या उपग्रहाच्या) एका बाजूवर प्रत्येकी 30 चौ. सेंमी.चे दोन सौर सेल, कार्यक्षमता 28 टक्के: ऊन अगदी समोरून पडलं तरी जेमतेम 2.3 वॅट. 500 किमीवर प्रदक्षिणा 95 मिनिटांची, त्यातली 36 पर्यंत अंधारात. सरासरी आली 1.4 वॅटवर. चार्जिंगमधली गळती आणि 20 टक्के राखीव वजा केले की हातात एक वॅट उरतो.

अंधारात तेवढं चालवायला 0.6 वॅट-तास लागतात, पण बॅटरी 3 वॅट-तासांची घ्या. वर्षाला सुमारे 5,500 वेळा ती भरते-रिकामी होते. 20 टक्क्यांहून जास्त उपसत राहिलात तर लवकर मान टाकते.

घोळ हमखास ट्रान्समीटरपाशी. एक वॅटचा सिग्नल सोडायला तो तीन-चार वॅट ओढतो, आणि विजेच्या तक्त्यात एकच वॅट लिहून लोक मोकळे होतात!