पहिला बारकोड बरोबर, पुढचे सगळे एक घर सरकलेले

वडोदरा, मकरपुरा जीआयडीसी (औद्योगिक वसाहत). पॅकिंग लाइनवरचा बारकोड स्कॅनर आरएस-२३२ ने (एकामागून एक बिट पाठवणारी सिरीयल जोडणी) पीएलसीला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला, जोडलेला. पीएलसी चालू केल्यावर पहिला कोड नीट यायचा, दुसऱ्यापासून प्रत्येक एक घर उजवीकडे. अशा वेळी केबल बदलत बसू नका. नॉइज (तारेतला विद्युत गोंधळ) असता तर चूक दर वेळी वेगळी दिसली असती.

सरकलेल्या कोडचा बफर (आलेली अक्षरं साठवायची जागा) हेक्समध्ये, म्हणजे प्रत्येक बाइटचा सोळा-आधारी आकडा दिसेल असा, उघडला. पहिल्याच बाइटमध्ये ०ए! स्कॅनर प्रत्येक कोडच्या शेवटी ०डी (कॅरेज रिटर्न) आणि ०ए (लाइन फीड) ही ओळ संपल्याची दोन न दिसणारी चिन्हं पाठवत होता. पीएलसी ०डी दिसताच वाचन थांबवायचा, उरलेला ०ए पुढच्या कोडच्या डोक्यावर बसायचा.

पीएलसीत एंड कॅरेक्टर (जिथे वाचन थांबवायचं ते चिन्ह) ०ए केलं, मागे राहणारा ०डी प्रोग्रॅममध्ये कापला. स्कॅनरचा सफिक्स (कोडच्या शेवटी जोडलं जाणारं चिन्ह) नुसता ०डी ठेवूनही भागतं, पण उद्या स्कॅनर बदलला की तीच कटकट.