फवारणीच्या विषाची मर्यादा काढताना: बीएमडीएस कसं वापरायचं

बीएमडीएस म्हणजे बेंचमार्क डोस सॉफ्टवेअर, ठरावीक परिणाम घडवणारी विषाची मात्रा काढणारं. ते उघडण्याआधी कागद-पेन्सिल घ्या. जळगावात माझ्या एम.एस्सी.च्या मुलांना मी हेच पहिलं सांगते. बरीच मुलं चोपडा, पारोळ्याकडची. घरी कापूस, त्यामुळे ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांची फवारणी त्यांनी लहानपणापासून पाहिलेली. ही औषधं अ‍ॅसिटाइलकोलिनएस्टरेज हे मज्जातंतूंच्या कामाला लागणारं एन्झाइम दाबतात; किती मात्रेला किती, ते आपल्याला काढायचंय.

अमेरिकेच्या ईपीएचं (पर्यावरण संरक्षण संस्थेचं) हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. डेटाचा प्रकार 'कंटिन्युअस' (मोजून आलेले सलग आकडे) निवडा. प्राण्यांवरच्या अभ्यासातल्या दर गटाचे चार आकडे लागतात: मात्रा, प्राण्यांची संख्या, सरासरी, स्टँडर्ड डेव्हिएशन (आकड्यांची पसरण). इथे घाई नको. शोधनिबंधात ± च्या पुढे पुष्कळदा स्टँडर्ड एरर (सरासरीतली अनिश्चितता) असतो, तेव्हा तक्त्याखालची बारीक अक्षरं वाचा. एरर असेल तर त्याला प्राण्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने गुणा. गटात 10 उंदीर आणि एरर 0.5, तर डेव्हिएशन सुमारे 1.58. तसाच 0.5 भरला तर डेटा आहे त्याहून नेमका भासतो आणि सुरक्षित मर्यादा असावी त्यापेक्षा वर जाऊ शकते. त्या मर्यादेच्या भरवशावर कुणीतरी पाठीवर पंप बांधून शेतात उतरणार आहे, म्हणून मी इथे अडून बसते.

मग परिणामाची पातळी ठरवा, तीही मॉडेल (मात्रा आणि परिणाम जोडणारी गणिती रेषा) चालवण्याआधी. या एन्झाइमसाठी ईपीए 10 टक्के घट धरते. 'रिलेटिव्ह डेव्हिएशन' निवडून 0.1 लिहा.

आता आलेख डोळ्यांनी बघा. पी (मॉडेल डेटाशी जुळतं का, ते सांगणारा आकडा) 0.1 हून जास्त हवा, बीएमडीजवळच्या (ठरवलेली घट घडवणाऱ्या मात्रेजवळच्या) गटाचा स्केल्ड रेसिड्युअल, म्हणजे मॉडेल आणि मोजणीतला फरक, उणे 2 ते 2 मध्ये हवा. टिकलेल्या मॉडेलांच्या बीएमडीएल (बीएमडीच्या खालच्या सीमा) तिपटीच्या आत असतील तर सर्वांत कमी एआयसीचं (मॉडेलांची तुलना करणाऱ्या गुणांकाचं) मॉडेल घ्या, नाहीतर सर्वांत कमी बीएमडीएल. पहिल्याच मात्रेला 40 टक्के घट असेल तर दुसरा अभ्यास शोधा. त्याखालची रेषा हा निव्वळ अंदाज असतो.

पडताळणीसाठी तोच तक्ता नेदरलँड्सच्या अशाच एका सॉफ्टवेअरमध्ये, प्रोअ‍ॅस्टमध्ये चालवा. तिथे घटीचे आपसूक 5 टक्के धरलेले असतात, आधी 10 करा.

पुढे न्यायची ती बीएमडीएल, बीएमडी नव्हे. प्राण्यांवरून माणसावर येताना तिला 10 ने भागा, माणसामाणसांतल्या फरकासाठी पुन्हा 10 ने. अमेरिकेच्या 1996 च्या कायद्यात लहान मुलांसाठी आणखी 10 पटींची तरतूद आहे. फवारणीचा पंप ओसरीवरच ठेवणाऱ्या घरांचा विचार करून हा तिसरा भागाकारही मी माझ्या विद्यार्थ्यांकडून करून घेते.