चहाच्या वासाचं मंद परफ्यूम खानदेशच्या उन्हात कसं लावावं

आलं-वेलची घालून उकळलेल्या दुधाच्या चहाचा वास हवा असेल, तर ही बाटली घेऊ नका. १९९२ मध्ये फ्रेंच परफ्यूमकार जाँ-क्लोद एलेना यांनी बुल्गारी या इटालियन कंपनीसाठी हिरव्या चहाचं परफ्यूम केलं आणि तिथून हा प्रकार रुळला. वास कोऱ्या, फिक्या चहाच्या वाफेचा, सोबत थोडं लिंबूवर्गीय. तो अंगालगतच राहतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ कडे सरकतो तेव्हा मला हाच सोसवतो. ऊद (अगरच्या लाकडाचा जड वास) आणि गोड व्हॅनिला त्या उन्हात डोकं उठवतात.

खरेदी करताना कागदाच्या पट्टीवर विसंबू नका. मनगटावर एक फवारा मारून घेऊन सरळ घरी या. लिंबाचा ताजेपणा अर्ध्या-एक तासात उडतो. नंतर जे उरतं ते आवडलं तरच पैसे मोजा.

अंघोळ झाली की बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा चिमूटभर व्हॅसलीन लावा, कारण कोरड्या कातडीवर काहीच टिकत नाही आणि आपली हवा उन्हाळ्यात पार कोरडीठाक. मग छातीवर एक फवारा आणि कोपराच्या आतल्या बाजूला एकेक. उघड्या मानेवर नको: बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या तेलात बर्गॅप्टेन नावाचं द्रव्य असू शकतं आणि त्यावर ऊन पडलं की काळे डाग उठू शकतात.

आता खरी अवघड पायरी: लावल्यावर थांबणं. तासाभरात वाटतं, वास गेला. माणूस पुन्हा फवारतो, दुपारी पुन्हा, आणि महिन्याभरात बाटली अर्धी. मलाही ही पायरी बरेच दिवस जमत नव्हती. बहुतेक वेळा वास जागेवरच असतो, नाक थकलेलं असतं. चहाचा भास उभा करायला आयोनोन आणि हेडिओन ही द्रव्यं वापरतात. आयोनोनची खोडच अशी, की नाक काही वेळ त्याला दाद देत नाही आणि मग अचानक पुन्हा ओळखतं. म्हणून हा वास येतो-जातो. ‘टिकत नाही, चार फवारे जास्त मारा’ हा सल्ला देणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. तुम्हाला काही येत नसतं तेव्हा जीपमध्ये शेजारी बसलेल्याला तुमच्या चार फवाऱ्यांनी मळमळत असतं.

खात्री करायची तर अशी करा. फवारा मारतानाच एक जुन्या सुती रुमालावरही मारा आणि तो दुसऱ्या खोलीत खुंटीला अडकवा. दोन तासांनी अंगणात किंवा गच्चीत दहा मिनिटं फिरून या आणि मग त्या खोलीत शिरा. दारातच चहाचा वास येईल. लगेच कोपराची घडी हुंगा; तिथेही पुसट सापडेल. नाक मोकळं करायला कॉफीच्या बिया हुंगण्यात अर्थ नाही, मोकळी हवा पुरते. घरातल्या माणसाला विचारायचं असेल तर बाहेरून नुकत्याच आलेल्याला विचारा, सकाळपासून तुमच्यासोबत बसलेल्याला नाही.

ही परीक्षा वाळ्याच्या ताट्या लावलेल्या कूलरसमोर घेऊ नका, वाळा चहाला गिळून टाकतो. चुलीवर भरताची वांगी भाजली जात असतील किंवा काळ्या मसाल्याची फोडणी बसली असेल तर त्या दिवशी परीक्षा सोडूनच द्या.

कातडीवर तीन-चार तास मिळाले तर तक्रार करू नये. सुती कपड्यावर संध्याकाळपर्यंत टिकतो, फक्त पांढऱ्या सदऱ्यावर आधी आतल्या शिवणीला मारून डाग पडतो का ते बघा. दुपारी हवाच असेल तर एक फवारा, तोही घाम पुसून.

बाटली खोक्यातच ठेवून लाकडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवा. गाडीच्या डिक्कीत, पत्र्याच्या खोलीत किंवा खिडकीत ठेवलेली बाटली एका उन्हाळ्यात आंबूस होते, आणि आधी लिंबाचाच वास जातो.