कशावरून? उताऱ्याच्या आधाराने उत्तर लिहायला शिकवताना

दहावीला 2019 पासून मराठीची कृतिपत्रिका, म्हणजे नव्या धर्तीची प्रश्नपत्रिका, आली. त्यातल्या 'स्वमत' या शब्दाचा अर्थ पुष्कळ मुलं 'मनाला येईल ते' असा घेतात. मत आपलं खरं, पण ते उताऱ्यावर उभं राहायला हवं. ही सवय दहावीत येऊन लागत नाही, पाचवी-सहावीपासूनच लावावी लागते.

उतारा छोटा घ्या, आणि पाठ्यपुस्तकाबाहेरचा. धड्यांची उत्तरं मुलांना गाईडमधून पाठ असतात. मी फळ्यावर असं काहीतरी लिहितो:

गणपा बाजारातून परतला तेव्हा दिवेलागण झाली होती. "बाबा, माझी वही?" चिंगीने विचारलं. "दुकान बंद होतं गं," म्हणत तो चपला न काढताच ओट्यावर बसला. तेवढ्यात शेजारचा बाळू त्याच दुकानातली नवी वही नाचवत आला.

आता प्रश्न. 'चिंगीने काय मागितलं?' हा नको. त्यात नुसतं शोधून उतरवायचं असतं. 'गणपा खरं बोलला का?' असं विचारा. चार-पाच जण लगेच ओरडतात, "नाही, खोटं बोलला!" तेव्हा बरोबर-चूक काही न सांगता एवढंच म्हणा: कशावरून?

मुलं उताऱ्याकडे परत वळली की पेन्सिलने खुणा करायला लावा. आख्खी ओळ नको, नेमके शब्द: 'त्याच दुकानातली', 'चपला न काढताच'. उत्तरात हेच शब्द अवतरणचिन्हांत येतील.

खरी मेहनत पुढे आहे. मुलं शब्द उतरवतात आणि 'यावरून दिसून येते' लिहून मोकळी होतात. काय दिसून येतं, ते सांगणारं वाक्य त्यांच्याकडून काढून घ्यावं लागतं. त्यासाठी पहिलं उत्तर सगळ्यांनी मिळून फळ्यावर रचा:

"गणपा खरे बोलला नाही. बाळूकडे 'त्याच दुकानातली' नवी वही होती, म्हणजे दुकान उघडे होते."

इथे एखादं चाणाक्ष पोर विचारतं, "बाळूने वही सकाळीच आणली असेल तर?" त्याला शाबासकी द्या, कारण त्याने उतारा सगळ्यांपेक्षा नीट वाचलाय. मग 'उघडे होते' पुसून 'उघडे असावे' करा, आणि 'खरे बोलला नाही' पुसून 'खरे बोलला नसावा'. मराठीतलं हे 'असावे' मुलांच्या हाती द्यायलाच हवं. 'गणपाकडे पैसे नव्हते' असंही कुणी लिहील. उताऱ्यात पैशांचा उल्लेखच नाही. फार तर 'पैसे नसावेत', आणि तेही 'चपला न काढताच' बसण्यातला त्याचा संकोच दाखवून.

माहितीपर उताऱ्यात अडचण वेगळी असते. 1848 साली भिडेवाड्यात सुरू झालेल्या मुलींच्या शाळेवर चार ओळी दिल्या, की मुलं सावित्रीबाईंवर फेकलेल्या शेणाबद्दल लिहितात. माहिती खरी असते, पण दिलेल्या ओळींत ती नसते. अशा वेळी उताऱ्यावर बोट ठेवून वाचून दाखवायला सांगा. बोट थांबलं की मुलाला आपोआप कळतं.

दोन-तीन उतारे असे तोंडी झाले की जोडीने लिहू द्या, नंतर एकेकट्याने. वह्या तपासताना लाल फुली मारू नका. जिथे आधार नाही तिथे समासात 'कशावरून?' लिहा आणि वही परत द्या. गुण दुसऱ्या वेळी द्यावेत.