नगरपरिषदेत अग्निसुरक्षा कायद्याची अंमलबजावणी कशी करावी

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा राज्याचाच कायदा असल्याने नगरपरिषदेने तो ठरावाद्वारे वेगळा स्वीकारण्याची गरज नसते. गरज असते ती चोख नोंदवहीची. म्हणून प्रथम मालमत्ता कराच्या नोंदींवरून रुग्णालये, मंगल कार्यालये, शाळा, लॉज आणि उंच इमारतींची यादी करावी. अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र मालकाने किंवा भोगवटादाराने दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करायचे असते, त्यामुळे प्रत्येक इमारतीपुढे हे दोन रकाने ठेवले की चुकार मालक लगेच लक्षात येतात. मात्र केवळ कागदावर विसंबू नये. पाहणीच्या वेळी पंप प्रत्यक्ष सुरू करून सर्वांत वरच्या मजल्यावर पाण्याला पुरेसा दाब मिळतो का ते तपासावे, आणि जिन्यात रचलेले सामान व कुलूपबंद आपत्कालीन दरवाजे (हे डोळ्यांना दिसते, पण अहवालात उतरतेच असे नाही) यांची छायाचित्रांसह नोंद घ्यावी. त्रुटींसाठी मुदत नमूद करून लेखी नोटीस बजावावी. धोका गंभीर असल्यास वीज-पाणी तोडण्याचा आणि इमारत मोहोरबंद करण्याचा मार्गही कायद्यात आहे. रुग्णालयाबाबत मात्र रुग्णांच्या स्थलांतराची व्यवस्था आधी लावावी.