रोस्ट चिकन उरलं? शिजवू नका, शेवटी घाला

रविवारी ओव्हनमध्ये सबंध कोंबडी भाजली की सोमवारी फ्रीजमध्ये एक डबा हमखास असतो. छातीचे दोन-चार तुकडे, एखादी तंगडी आणि पाठीचा सांगाडा. हॉटेलातून मागवलेलं तंदुरी चिकनही असंच उरतं. सणाच्या दुसऱ्या दिवशी बकऱ्याची भाजलेली अख्खी मांडी, म्हणजे रान, अर्धीमुर्धी शिल्लक असते. मग आपण काय करतो? कांदा-टोमॅटोचं वाटण परततो, उरलेले तुकडे त्यात टाकतो आणि चांगली वीस मिनिटं उकळतो. मीही बरीच वर्षं हेच केलं. रस्सा झकास व्हायचा, चिकनचा मात्र काथ्या.

कारण साधं आहे. मांस पहिल्यांदा भाजलं जातं तेव्हाच त्याचे तंतू आकसतात आणि आतलं बरंचसं पाणी बाहेर पडतं. दुसऱ्यांदा उकळलं की उरलंसुरलं पाणीही जातं. म्हणून खालच्या प्रत्येक पदार्थात मसाला, भाजी, रस्सा जे काही असेल ते आधी पूर्ण तयार करायचं. मांस अगदी शेवटी, तीन-चार मिनिटांसाठी.

रात्रीच करायचं काम

जेवणं झाल्यावर सांगाडा तसाच फ्रीजमध्ये ढकलू नका. कोंबडी कोमट असताना मांस हाडावरून बोटांनी अलगद सुटतं. थंड झाली की चरबी गोठते आणि सुरी घेऊन खरवडत बसावं लागतं. आधी तंगड्या सांध्यातून पिळून काढा, मग छातीचे दोन्ही भाग अख्खे सोडवा. नंतर कोंबडी उलटी करा. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, मांड्या जिथून सुरू होतात तिथे, सुपारीपेक्षा जरा मोठे दोन गोळे हाडाच्या खळग्यात बसलेले असतात. सगळ्या कोंबडीतलं सर्वांत रसाळ मांस तेच. बहुतेक घरांत ते हाडांबरोबर कचऱ्यात जातं, म्हणून मुद्दाम सांगतोय.

छाती आणि मांडी वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. छातीचं मांस कोरडं असतं, ते गार खाण्यासाठी किंवा पातळ रश्शासाठी. मांडीत चरबी जास्त असते, ती परतणं सोसते. तुकडे मोठेच राहू द्या, चिरायचं ते उद्या. ट्रेच्या तळाशी साठलेला तपकिरी रस चमच्याने काढून मांसावर ओता आणि झाकण घट्ट लावा. शिजलेल्या मांसाला दुसऱ्या दिवशी जो शिळकट वास येतो, तो चरबीचा हवेशी संबंध आल्यामुळे. रसात बुडालेल्या मोठ्या तुकड्यांना तो कमी येतो.

वेळेच्या बाबतीत मी कडक आहे. मांस दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात, पारा 32 अंशांच्या वर असेल तेव्हा, एका तासात. पूर्ण गार होण्याची वाट बघायची गरज नाही, उथळ डब्यात पसरून ठेवलं की लवकर निवतं. फ्रीजमध्ये तीन, फार तर चार दिवस. त्याहून जास्त ठेवायचं असेल तर पहिल्याच रात्री फ्रीजरमध्ये टाका. आणि लागेल तेवढंच बाहेर काढून गरम करा, एकदा गरम केलेलं पुन्हा फ्रीजमध्ये परत नको.

हाडांचं पाणी

हे आधी करा, कारण पुढच्या काही पदार्थांत ते लागतं. सांगाडा हाताने मोडून कुकरमध्ये घाला. अर्धा कांदा, आल्याचा तुकडा, चार लसूण पाकळ्या, सात-आठ मिरीदाणे, आणि हाडं जेमतेम बुडतील इतकं गार पाणी. मीठ नको, रोस्टला आधीच लावलेलं असतं. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून चाळीस मिनिटं. गाळून फ्रीजमध्ये ठेवलं की सकाळी वर चरबीची पिवळी साय आणि खाली थरथरणारी जेली दिसेल. जेली धरली म्हणजे हाडांतलं सत्त्व उतरलं.

कोल्हापूरकडच्या अळणीशी, म्हणजे तिखट-मसाला न घालता काढलेल्या मटणाच्या पाण्याशी, याचं नातं आहे, फरक भाजण्याचा. भाजलेल्या हाडांमुळे पाणी तपकिरी होतं आणि त्याला खरपूस वास येतो. म्हणून याचा पांढरा रस्सा करायला जाऊ नका, रंग मळकट येतो. पुलाव, मुगाची खिचडी, टोमॅटोचं सार यांत मात्र ते शोभून दिसतं. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवलं तर हवे तेवढे खडे काढता येतात.

जालफ्रेझी: याच कामासाठी जन्मलेली

ब्रिटिश अमदानीत साहेबांच्या घरी आदल्या दिवशीचं गार रोस्ट उरायचं, आणि खानसामे त्याचे तुकडे कांदा-मिरचीवर परतून पुन्हा टेबलावर आणायचे. ‘झाल’ हा बंगाली शब्द, अर्थ तिखट. आज हॉटेलात जालफ्रेझी म्हणून कच्चं चिकन थेट ग्रेव्हीत शिजवून देतात, पण मूळ पदार्थ कोरडा, झणझणीत आणि दहा मिनिटांत होणारा.

दोन कांदे आणि एक सिमला मिरची जाड उभी चिरा. कढई चांगली तापू द्या. दोन चमचे तेलात जिरं, चार उभ्या हिरव्या मिरच्या, मग कांदा मोठ्या आचेवर. कांदा मऊ व्हायला नको, कडा करपल्यासारख्या झाल्या की पुरे. सिमला मिरची, आलं-लसूण, हळद, धणे पूड, एक टोमॅटो मोठ्या फोडी करून. टोमॅटोचं पाणी आटलं की मग दीड-दोन वाट्या मांडीचं मांस घाला. दोन चमचे हाडांचं पाणी शिंपडा, झाकण ठेवा, एक दणदणीत वाफ येऊ द्या. तुकडा मोडून बघा. आतून वाफ निघाली पाहिजे, नुसता कोमट असेल तर अजून मिनिटभर. मीठ आता चाखून, आधी नाही.

भुजिंगच्या वाटेने पोहे

माझा सर्वांत आवडता पदार्थ हा. विरारजवळच्या आगाशीचं भुजिंग ज्यांनी खाल्लंय त्यांना वेगळं सांगायला नको. कोळशावर भाजलेलं चिकन, बटाटा, हिरवा मसाला आणि पोहे. म्हणजे त्या पदार्थात चिकन मुळातच आधी भाजून नंतर मसाल्यात येतं. उरलेल्या रोस्टला याहून योग्य जागा मला तरी माहीत नाही. खालची कृती घरगुती आहे, आगाशीची चव ती आगाशीचीच.

कोंबडीची उरलेली कातडी टाकली नसेल अशी आशा आहे. ती गार कढईत, तेलाविना, मंद आचेवर ठेवा. सहा-सात मिनिटांत चरबी सुटते आणि कातडी पापडासारखी कडक होते. कातडी बाजूला काढा. कढईतल्या चरबीत एका बटाट्याच्या बारीक फोडी खरपूस तळा. चरबी कमी वाटली तर चमचाभर तेल घाला. मग दोन कांदे बारीक चिरून, त्यावर आलं, लसूण, हिरवी मिरची आणि कोथिंबिरीचं वाटण दोन मोठे चमचे, हळद, थोडा गरम मसाला. वाटणाचा कच्चा वास जाईपर्यंत परता.

दोन वाट्या जाडे पोहे एव्हाना धुऊन निथळत ठेवलेले हवेत. दाणा बोटांत दाबला की मोडावा, पण लगदा होऊ नये. आता आच मोठी करून दीड वाटी चिकन, हाताने तोडलेलं, कढईत टाका. सुरीने कापलेल्या गुळगुळीत फोडींपेक्षा फाटलेल्या कडांना मसाला छान धरतो. दोन मिनिटांनी पोहे, हाडांच्या पाण्याचे तीन-चार चमचे, हलक्या हाताने ढवळून झाकण.

कोळशाच्या वासासाठी धुंगार द्या. एक कोळसा गॅसवर लाल करून वाटीत ठेवा, वाटी पोह्यांच्या मध्ये, वर तुपाचे चार थेंब, आणि लगेच झाकण. तीन मिनिटं पुरे, जास्त ठेवलं तर कडवटपणा येतो. वरून लिंबू, कोथिंबीर आणि ती कडक कातडी चुरून.

थोडक्यात आणखी काही

छातीचं मांस मी गरमच करत नाही. तंतूंच्या आडव्या दिशेने पातळ कापतो, घट्ट दही, मिरपूड, बारीक कांदा आणि लिंबात कालवतो आणि पोळीत गुंडाळतो. डब्याला न्यायचं असेल तर सँडविचमध्ये, पण मे महिन्यात नाही.

तंदुरी चिकन असेल तर टोमॅटो, लोणी आणि मलईची ग्रेव्ही. दिल्लीच्या दर्यागंजमधल्या मोती महलची बटर चिकनची प्रसिद्ध गोष्ट उरलेल्या तंदुरी चिकनचीच सांगतात. तंदुरीला दही-लिंबाचा आंबटपणा आधीच असतो, म्हणून टोमॅटो नेहमीपेक्षा कमी घ्या आणि चिमूटभर साखर घाला.

अगदी चुरा उरला असेल तर उकडलेल्या बटाट्यात मळून कटलेट. बटाटा ओलावा देतो, त्यामुळे कोरडं मांसही चालतं.

मटणाच्या रानेला वर सांगितलेला नियम लागू होतो, एक अपवाद सोडून. रान भाजूनही हाडाजवळ चिवट राहिली असेल तर ते मांस अजून पुरतं शिजलेलंच नाही. ते मात्र खुशाल हाडांच्या पाण्यात बुडवून मंद आचेवर तासभर ठेवा. काट्याने सुटेल इतकं मऊ झालं की बारीक चिरा, वाटाणे आणि गरम मसाल्यावर परता, शेजारी लोण्यात भाजलेले पाव. भांड्यात उरलेलं मटणाचं पाणी दुसऱ्या दिवशीच्या मसुराच्या आमटीत घाला.